टोळ्या परतल्या, सरासरी उतरली

अंकुश,

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर एक पान लिहून द्या, असं हेडमास्तर परवा म्हणाले. जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं, झालेले सत्कार आणि शेवटी ती कधीही न भरून येणारी पोकळी. मी म्हटलं, हे सगळं सर्व्हिस बुकात आहे, क्लार्ककडून उतरवून घ्या. मला जे लिहायचंय ते त्या एका पानात मावणार नाही. म्हणून तुलाच लिहितोय. तू वाचणार नाहीस, कळतंय मला. पण तसंही गेले चार महिने तू माझं काही ऐकत नव्हतास.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. खोटं आहे ते. तू ऐकायला तयार होतास, बोलत मी नव्हतो. बघ, तू गेल्यावरसुद्धा पहिल्या दहा ओळींत सगळं तुझ्यावर ढकलून मी मोकळा झालो.

आज सोळा दिवस झाले. धर्मापुरीला आईला भेटून तू बीडला निघाला होतास. मांजरसुंब्याला गाडी थांबली, तू चहाला उतरलास आणि हातात कप असतानाच टपरीसमोर खाली बसलास, असं कंडक्टर सांगत होता. फोन आला तेव्हा मी ग्राऊंडवर सातवीच्या पोरांना लांब उडी शिकवत होतो. खरं सांगतो, आधी राग आला. रडू नंतर आलं. बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये बसायचं, एका डब्यात जेवायचं, आणि भांडण अर्धं असताना उठून जायचं, ही काय पद्धत झाली? मी पीटीचा मास्तर, पोट सुटलेला. तू गणिताचा, अंगावर चिमूटभर मांस नाही. गेलास मात्र तू.

आपलं शेवटचं बोलणं डस्टरवरून झालं. "डस्टर कुठंय?" असं तू विचारलंस, मला नाही, सगळ्या स्टाफरूमला. ते माझ्यासमोर पडलं होतं. मी न बोलता पुढं सरकवलं. याला बोलणं म्हणायचं असेल तर ते शेवटचं.

आता सगळं पहिल्यापासून लावून बघतो. तुला माहीत आहे, पण मला एकदा नीट लावायचंय.

आपली शाळा कारखान्याच्या संस्थेची. कारखाना साखरेचा, सहकारी. आणि साखर कारखाना पोरांचा लठ्ठपणा कमी करायचा उपक्रम काढतोय, हे ऐकून तू खडू खाली ठेवून हसत बसला होतास. चेअरमनसाहेबांच्या नातवाला, विराजला, पुण्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि वजनावरून घरच्यांना चांगलं झापलं. साहेब तिथून आले ते थेट संस्थेच्या बैठकीत. "आपल्या शाळेतली पोरं बघा. जिना चढली की धापा टाकत्यात. कायतरी करा." साल दुष्काळाचं. वडवणीच्या बाजारात भाजी औषधाला मिळत नव्हती, गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा, आणि आपण पोरांची चरबी कमी करणार होतो. संयोजक मला केलं, कारण मी पीटीचा आणि माझे काका कारखान्याचे संचालक. तुला मी घेतलं, कारण आकडे मला जमत नाहीत.

शहरातून कुणीतरी नमुन्याचा आराखडा पाठवला होता. मुलांना आठवड्यातून तीनदा पोहायला न्यावे, असं त्यात होतं. तू मला म्हणालास, "दिलप्या, कुठं न्यायचं बे पोहायला? टँकरमधी सोडायचं का एकेकाला?" जेवणाआधी कोशिंबिरीचा मोठा वाडगा द्यावा, असंही होतं. "एक काकडी आणून दाव गावातून, मी सोता चिरतो." हसून झालं आणि तू तो कागद उलटा केलास, मागच्या कोऱ्या बाजूवर आपला आराखडा लिहायला बसलास. त्याआधी आठ दिवस गेटवर उभा राहिलास, पोरं काय काय तोंडात टाकतात ते बघत. मी चेष्टा केली की गणिताचा मास्तर वॉचमन झाला. आठव्या दिवशी येऊन म्हणालास, "टँकरचं पाणी मचूळ हाय. पोरं ते पीत न्हाईत. समोरच्या दुकानातनं रंगीत गोड पाण्याच्या पिशव्या घेऊन चोखत्यात, दिवसातनं चार-चार. पोरं तहानेनं जाड व्हायलीत."

ते मला तेव्हा डोक्यावरून गेलं. वाटलं, हा उगाच काहीतरी वेगळं बोलायचं म्हणून बोलतोय. मला उठाबशा, पळणं आणि शिट्टी एवढंच कळत होतं.

मग पालकांसाठीची प्रश्नावली. ती तू लिहिलीस, नऊ प्रश्नांची. आठवा प्रश्न होता, घरी सभासदांची साखर येते का आणि ती किती दिवस पुरते. दिवाळीला कारखाना सभासदांना शेअरवर सवलतीत साखर देतो, आमच्याकडं पोतं येतं. ते पोतं घरात आलं की चहा घट्ट गोड होतो, पोळीवर साखर पडते, पोरं येताजाता मूठ मारतात. तुझ्या घरी ती कधी आली नाही. तुझे आईबाप असल्याच कारखान्यांना ऊस तोडून घालायचे, पण त्यांच्या नावावर शेअर कुठला असणार? प्रश्नावली छापून आली तेव्हा आठ प्रश्न होते. साखरेचा गायब. मी म्हटलं, ऑफिसनं काढला. तू लई चिडलास, तडक ऑफिसात निघालास, मी दंड धरून मागं ओढलं.

अंकुश, ऑफिसनं नव्हता काढला. प्रेसला द्यायच्या आधी मीच काट मारली. साहेबांना कसं वाटेल, काका काय म्हणतील, ह्याच विचारानं. मला कुणी काही म्हणालं नव्हतं. मीच मनानं ठरवून घाबरलो. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतोय आणि सांगून काही हलकं वाटत नाही.

पालकसभेला एक बाई उठल्या होत्या, आडत दुकानवाल्यांच्या. "सर, ह्या दुष्काळात माझं पोरगं गुबगुबीत दिसतंय, तर त्याच्यावर बी तुमचा डोळा का?" सगळा हॉल हसला, मीही हसलो. आपल्याकडं पोर जाड असणं म्हणजे घर बरं चालल्याची खूण, ते कमी करा म्हणणारा माणूस वाईटच दिसणार. तू उठलास. "ताई, तुमच्या पोराला खाऊ नको म्हणत न्हाई मी. ते काय पितंय तेवढं आठ दिवस बघा. मग मला सांगा." त्या बाई खाली बसल्या आणि नंतर बाहेर तुझ्याशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. असं तुला जमायचं. मी असतो तर त्यांना व्यायामाचं महत्त्व सांगितलं असतं.

पहिली वजनं दिवाळीनंतर घेतली. ते तू मुद्दाम ठरवलं होतंस. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात, पोरं आईबापाबरोबर ट्रॅक्टरवर बसून जातात आणि वर्ग अर्धे होतात. "जी पोरं वर्षभर हितंच ऱ्हात्यात तीच मोजू," तू म्हणालास. "दुकानदारांची, नोकरदारांची, बागायतदारांची. जाड हायत ती हीच. दुसरी वजनं पाडव्याच्या आधी घेऊ, टोळ्या यायच्या आत. तीच पोरं, तोच काटा. टोळीवरच्यांना ह्यात ओढायचं न्हाई." मी मान डोलावली. कारण विचारलं नाही.

त्या पहिल्या दिवशी मी व्हरांड्यात काटा मांडला आणि सवयीप्रमाणे आकडे ओरडून क्लार्कला सांगायला लागलो. विराज चढला, मी आकडा ओरडलो आणि सगळी रांग खिदळली. पोराचं तोंड काळंठिक्कर पडलं. तू वर्गातून तरातरा आलास, काटा उचललास आणि वाचनालयात नेऊन ठेवलास. खिडकीच्या दांडीला चादर बांधलीस. एका वेळी एकच पोर आत. मी म्हटलं, "काय बे, बाळंतपण करायलास का?" तू हसला नाहीस. पोरं गेल्यावर म्हणालास, "चौथीत असताना मला बी बाकावर उभं केलतं. मास्तर म्हणलते, या रे, ह्याची हाडं मोजा. सगळ्यांनी येऊन मोजली." एवढंच बोललास आणि चादरीची गाठ सोडायला लागलास. मी तुला गाठ सोडू लागलो. माफी मागायला हवी होती, ती राहिली.

आता एका गोष्टीत तू चुकला होतास आणि ते मी अजूनही सोडणार नाही. आपल्या ग्राऊंडवर चारा छावणी लागली. शंभर पावलांचा ट्रॅक आखला होता तिथं गुरं बांधली. तू म्हणालास, खेळाचा तास बंद कर, प्यायला पाणी नसताना पोरांना घाम काढायला लावू नको. मी ऐकलं नाही. देवळामागच्या पडीत सकाळी ऊन चढायच्या आधी लगोरी सुरू केली, घरून एक-एक बाटली आणायला लावली. विराज पळायला नको म्हणायचा, पण त्याचा नेम असा की सात दगडांची लगोरी एका चेंडूत जायची. आठ दिवसांत त्याला आपल्या बाजूला घ्यायला पोरं भांडायला लागली. वजन कमी झालं का? नाही झालं. पण हे पोरगं रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचं. मी तुला विचारलं होतं, "ह्याचा रकाना कुठंय तुझ्या वहीत?" तू म्हणालास, "काढ की मग रकाना." तो काढायचा राहिला. तहानेचं तुझं बरोबर होतं, पण खेळाचं माझं बरोबर होतं.

मग ऊसच संपला. नेहमी चैत्रापर्यंत चालणारे कारखाने यंदा माघातच बंद पडले आणि टोळ्या दोन महिने आधी परत आल्या. एका आठवड्यात वर्ग भरले. दुसऱ्या वजनाचा दिवस आधीच ठरला होता. तू त्या दिवशी परीक्षेच्या कामाला बीडला गेलतास. मी एकटा. रांग लागली, आणि त्या रांगेत टोळीवरनं आलेली पोरंही येऊन उभी. चादरीमागं काहीतरी आहे, एवढं त्यांना कळलं होतं. तुझं सांगणं मला आठवत होतं, नव्हतं असं नाही. पण पाचवीतली सीमा पुढं आली, उन्हानं चेहरा रापलेला, केस भुरे झालेले, आणि म्हणाली, "सर, आमचं न्हाई का वजन?"

काय सांगणार होतो मी तिला? वर्षातले पाच महिने ही पोरं कुठल्याच हजेरीत नसतात. परत येऊन चार दिवस झाले, आणि मी म्हणू की तू रांगेत नाहीस? मी म्हटलं, चढा. सगळे चढा. दुपारपर्यंत अख्खी शाळा मोजली आणि मला फार बरं वाटलं. अंकुश, ती चूक मी पुन्हा करीन. त्यांना काट्यावर चढवलं ह्याचं मला अजून वाईट वाटत नाही. वाईट वाटावं असं मी त्याच्या पुढं केलं.

क्लार्कनं सगळ्या वजनांची बेरीज केली आणि पोरांच्या संख्येनं भागलं. दिवाळीनंतरची सरासरी एवढी, आत्ताची एवढी. चांगलीच उतरली होती. मला आकडे जमत नाहीत हे खरं, पण एवढंही कळत नव्हतं असं नाही. मनात खटकलं होतं. मी ते दाबलं आणि अहवालावर सही केली. रंगीत छापला, वर साहेबांचा फोटो, खाली माझा.

तू दोन दिवस बसून नावं वेगळी काढलीस. इथंच राहणारी पोरं एकीकडं, टोळीवरची दुसरीकडं. मग मला वाचनालयात बोलावलंस. "दिलप्या, वर्गात उद्या चेअरमन येऊन बसले तर वर्गाची सरासरी वाढती. म्हणून पोरं जाड झाली का बे?" मी म्हटलं, नाही. "हे तसंच झालंय, उलटं. आपली जाड पोरं हायत तशीच हायत, कैक तर वाढल्यात. सरासरी उतरली ती टोळीवरची पोरं मधी आली म्हणून." मग तू जूनमधली आरोग्य कार्डं पुढं ठेवलीस. सीमाचं, तिच्या भावाचं, आणखी कितीतरी. जूनमध्ये होतं त्यापेक्षा त्यांचं वजन कमी भरलं होतं. वाढत्या वयाची पोरं, वर्ष उलटत आलं आणि वजन मागं. "ही पोरं उपाशी आली. आन् त्यांची भूक तू आपलं यश म्हणून छापलीस."

तुझं मागणं दोनच गोष्टींचं होतं. अहवाल दुरुस्त करायचा, आणि ह्याच उपक्रमातून टोळीवरच्या पोरांना सकाळी शाळेत न्याहारी द्यायची. न्याहारीचा अर्ज तू एकट्यानं आधीच दिला होतास आणि तो परत आला होता. वजन कमी करण्याच्या उपक्रमात न्याहारी बसत नाही, असा शेरा मारून. सोबत कारण म्हणून माझाच अहवाल टाचलेला. संयोजक म्हणून तू साहेबांना भेट, माझ्या शब्दाला तिथं कोण विचारतंय, असं तू म्हणालास. मी म्हटलं, बघू.

बघू बघू करत, उपक्रमाबद्दल संस्थेनं ठेवलेल्या आपल्या दोघांच्या सत्काराचा दिवस आला. सकाळी तू पुन्हा मला गाठलंस. मी तुला काय काय सांगितलं ते सगळं आठवतं मला. उपक्रम बंद पडेल. साहेब तोंडघशी पडतील. काका मला उभं करणार नाहीत. उपमुख्याध्यापकाची जागा निघतेय, हे नाही सांगितलं, पण तुला ते ठाऊक होतं. शेवटी म्हटलं, पुढच्या साली नीट करू. तू म्हणालास, "तुझं पोट भरलेलं हाय म्हणून तुला पुढचं साल सुचतंय."

ते झोंबलं मला. आणि मी जे बोललो ते असं: "तुझं दर टायमाला टोळीवरच येतं बे. बाहेर ये की आता त्या कोपीतून."

ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत जन्मलेल्या माणसाला मी हे म्हणालो. तू आरोग्य कार्डं गोळा केलीस, त्यांना रबर लावलंस आणि गेलास. दुपारी सत्काराला तुझं नाव पुकारलं तेव्हा तू हॉलमध्ये नव्हतास. मी म्हटलं, सर आजारी आहेत, आणि तुझी शालही मीच घेतली. दोन शाली घेऊन घरी आलो. असा मी.

चार महिने. बोलायला काय लागत होतं, अंकुश? तुझं घर आमच्यापासून दोन गल्ल्या. रोज वाटायचं, आज जातो. मग वाटायचं, त्यानं का येऊ नये? पोटाचं तोच आधी बोलला. मग उपमुख्याध्यापकाची ऑर्डर आली, आणि ती आल्यावर तर तुझ्याकडं यायला तोंडच राहिलं नाही. आणि तू? तूही कमी नव्हतास. एकदा येऊन शिव्या घातल्या असत्यास तर काय बिघडलं असतं तुझं? तुझा तो गप्प राहण्याचा हट्ट मला कधीच सोसला नाही. वर्गात पोरांना सात-सात वेळा समजावून सांगायचास, आणि मला एकदा सांगून सोडून दिलंस.

आणि त्याच चार महिन्यांत आमच्या पोरीला, प्राचीला, गणित शिकवायला तू रोज येत होतास. एक दिवस चुकवला नाहीस. मी घरात असलो की ओट्यावर बसून शिकवायचास, नसलो की आत बैठकीत. मी आतून ऐकायचो. "घाई करू नको पोरी, आधी काय दिलंय ते बघ." तिला घटक चाचणीत चांगले मार्क पडले, तिनं पेढा नेऊन दिला, तू तो अर्धा मोडून तिलाच दिलास, असं ती सांगत होती. ती आता गणिताचं पुस्तक उघडत नाही. मला तिला शिकवता येत नाही. तुझे किती उपकार आहेत आमच्यावर ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मित्राला असलं सांगायचं नसतं अशी माझी समजूत होती.

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. पुढच्या रांगेत शोभावहिनी, शेजारी तुझ्या आई, धर्मापुरीहून आलेल्या. मी स्टेजवर, काकांच्या बाजूला. साहेब बोलायला उठले. तुझ्याबद्दल बरं बोलले, मनापासून बोलले. मग म्हणाले, "अंकुश मास्तरांनी आखलेला आन् यशस्वी करून दावलेला आपला बालआरोग्याचा उपक्रम, तो आता त्यांच्याच नावानं चालवायचा. अहवाल नव्यानं छापू, वर मास्तरांचा फोटू टाकू."

त्या अहवालावर तुझा फोटो. ज्या कागदावरून आपलं बोलणं तुटलं, त्याच्यावर. मी कधी उठलो ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "साहेब, तो अहवाल अंकुशचा न्हाई. माझा हाय आन् खोटा हाय. त्यानं मला तवाच सांगितलतं, मी ऐकलं न्हाई. जाड पोरांचं वजन कमी झालेलंच न्हाई. टोळीवरची पोरं उपाशी आली म्हणून आकडा उतरला. त्याला त्या पोरांना न्याहारी पाहिजे व्हती. ती माझ्या अहवालामुळं नामंजूर झाली. प्रश्नावलीतला साखरेचा प्रश्न बी मीच काढला." काका खाली बघत होते. मला वाटलं, आता नोकरी गेली, जागा गेली, घरात तोंड दाखवायची सोय गेली.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हंजे आमच्या विराजचं बी कमी झालं न्हाई? मला वाटलंच." मग म्हणाले, "दुरुस्त करून द्या तर मग अहवाल. न्याहारीचा अर्ज बी पुन्ना द्या. टोळ्या निघायच्या आत चार दिवस तरी पोटात जाईल पोरांच्या, आन् परत आल्यावर पुढं चालू." काकांकडं वळून त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. सायकल पंक्चर आहे म्हटल्यावर माणूस जेवढं बोलतो तेवढंच. खाली बसता बसता मला विचारलं, "पण मास्तर, इतके दिवस का म्हणून सांगितलं न्हाई?"

तेवढ्यात हेडमास्तरांनी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं, सगळे उभे राहिले, मी उभाच होतो.

सभा सुटल्यावर वहिनी आईंना धरून जिन्याशी थांबल्या होत्या. मी समोर गेलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "भावजी, चार महिने एवढंच बोलायचं व्हतं?"

मी म्हटलं, "व्हय वहिनी. एवढंच."